मातीवाचून बाग

मध्यमवर्गीय मराठी घरात मासा शिरतो तो दोनच वाटांनी. एक वाट बाजाराच्या पिशवीतून थेट स्वयंपाकघरात जाते. आमच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या बंद आहे. दुसरी वाट आहेराची. ज्याला काय द्यावे हे कुणालाच सुचत नाही अशा मुलाला लोक पूर्वी कंपासपेटी किंवा फाउंटन पेन देत. आता एखादा हौशी मामा निघतो आणि काचेची टाकी घेऊन येतो. आमच्या धाकट्या चिरंजीवांच्या मुंजीत ती तशीच आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ५४ लिटर पाणी, म्हणजे सुमारे ५४ किलो वजन. ज्या तिपाईवर ती ठेवायचा मामांचा विचार होता, ती तिपाई आधीच वर्तमानपत्रांच्या भाराने वाकलेली होती. शेवटी टाकीला शिवणयंत्राचे भक्कम टेबल मिळाले आणि शिवणयंत्र पलंगाखाली गेले. ते अजून तिथेच आहे.

टाकीबरोबर तिचा शृंगारही आला होता. तळाला गुलाबी आणि निळ्या रंगाची खडी, प्लॅस्टिकची जर्द हिरवी झाडे, आणि एक चिनी मातीचा पाणबुड्या. हा पाणबुड्या दिवसभर डोक्यातून बुडबुडे सोडी. आमच्या ह्यांना तो फार आवडे. आपल्या कचेरीतल्या एका वरिष्ठांची त्याने आठवण होते, असे ते म्हणत.

सासूबाईंनी हे सारे पाहिले, पण बोलल्या काही नाहीत. त्या आमच्याकडे येऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. मामंजी गेल्यावर गुहागरकडचे घर कुलूपबंद झाले आणि सासूबाई "चार दिवस" म्हणून पार्ल्याला आमच्या तिसऱ्या मजल्यावर आल्या. चार दिवसांचे दीड वर्ष झाले तरी त्यांची ट्रंक काही उघडली नव्हती. रोजची दोन लुगडी वर काढलेली. बाकी सारे ट्रंकेत, आणि ट्रंक पलंगाखाली, शिवणयंत्राच्या शेजारी. ज्या बाईने पन्नास वर्षे विहिरीचे पाणी शेंदून माडा-पोफळींना घातले, जिच्या अंगणात अबोली आणि अनंत होते, तिला मी काय दिले होते? खिडकीच्या जाळीतली एक तुळस आणि एक कढीलिंब. त्या कधी तक्रार करीत नसत, आणि त्याचाच मला धाक वाटे. माणूस कुरकुरते तोवर ते आपले असते. सासूबाई पाहुण्यासारख्या वागत होत्या.

महिन्याभराने मात्र त्यांनी टाकीसंबंधी तोंड उघडले.

"अगो, ह्या खडीखाली काय आहे ते कधी पाह्यलंस?"

आम्ही पाहिले. गुलाबी-निळ्या खडीच्या फटींतून माशांची विष्ठा, न खाल्लेले अन्न आणि कसलासा तपकिरी गाळ साठला होता. वरून पाणी काचेसारखे, आणि नळीने जरा ढवळले की ताकासारखे.

"केर गालिच्याखाली लोटण्यातला प्रकार हा," सासूबाई म्हणाल्या. "जमीन सारवता येत नसेल, तर ती जमीन कसली? काढा ती खडी."

ह्यांनी विरोध केला. माशांना पायाखाली जमीन हवी असते, हा त्यांचा मुद्दा. माशांना पाय नसतात, हा सासूबाईंचा. पण ह्यांचा स्वभाव असा की वाद हरला की ते वाचायला बसतात. चार रात्री वाचून त्यांनी कबूल केले की, माशांची पैदास करणारे जाणते लोक टाकीचा तळ मुद्दाम मोकळा ठेवतात. आजारी मासा वेगळा ठेवायचा झाला तर तोही मोकळ्या तळाच्या टाकीतच. घाण पडली की दिसते आणि दिसली की रबरी नळीने ओढून घेता येते. सारे सुख एवढ्यातच आहे.

मात्र खडी एका दिवसात काढायची नाही, असेही त्यांनी बजावले. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो आणि तो त्यांना विषासारखा. टाकीतले काही जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही जहरच; नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात हिंडत नाहीत, घर करून राहतात: खडीवर, काचेवर, गाळणीच्या स्पंजात. खडी एकदम उपसली तर निम्मी आळीच बेघर व्हायची. म्हणून तीन रविवार थोडी थोडी खडी काढली. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळला, म्हणजे त्यातली वस्ती शाबूत राहावी.

तिसऱ्या रविवारी तळ मोकळा झाला. टाकी आता इस्पितळातल्या शस्त्रक्रियेच्या खोलीसारखी दिसू लागली. स्वच्छ, पण बसायला कुणी धजू नये अशी. खालच्या काचेत माशांना आपलेच प्रतिबिंब दिसे आणि ते बिचकून एका कोपऱ्यात गोळा होत. मग टाकी रिकामी करून तळाच्या काचेखाली, बाहेरच्या बाजूने, काळा कागद घातला. तेव्हा कुठे मंडळी स्थिरावली.

मासे आमचे साधेच, गप्पी. मलेरियाच्या डासांची अंडी-अळ्या खाण्यासाठी विहिरींतून, हौदांतून सोडतात तेच. फक्त आमच्यांच्या शेपट्या रंगीत. "गप्प असतात म्हणून गप्पी" असा सासूबाईंचा समज होता. वास्तविक हे नाव त्रिनिदाद बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांचे. गप्पी अंडी घालीत नाहीत; मादीच्या पोटीच पिल्ले वाढतात आणि साधारण चार आठवड्यांनी जिवंत बाहेर पडतात. शेपटीजवळचा काळा डाग मोठा होत गेला, पोट चौकोनी दिसू लागले की दिवस भरले समजावे. ही खूण आम्ही वाचून शिकलो. सासूबाईंना वाचावी लागली नाही. गावात त्यांनी किती बाळंतपणे पाहिली होती, त्याची गणती नव्हती. "आज नाही तर उद्या," त्या सकाळीच म्हणाल्या.

आणि दुपारी, घरात त्या एकट्याच असताना, पिल्ले झाली. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा एकही शिल्लक नव्हते. गप्पींमध्ये आईबाप पिल्लांना ओळखत नाहीत. जे हलते आणि तोंडात मावते ते अन्न. त्या स्वच्छ, मोकळ्या, सारवल्यासारख्या तळावर लपायला काडीचाही आडोसा नव्हता. सासूबाईंनी ते सारे पाहिले होते. रात्री त्या जेवल्या नाहीत. झोपण्यापूर्वी एवढेच म्हणाल्या, "लेकुरवाळ्या घरात चार झाडं तरी हवीत गो. पोरांनी लपावं कुठं?"

तेव्हापासून आमच्या घरात दोन गोष्टी ठरल्या: खडी परत येणार नाही, आणि झाडे येणार. पण मातीवाचून झाडे लावायची कुठे?

पुढच्या रविवारी मी आणि चिरंजीव मरीन लाइन्सला उतरून क्रॉफर्ड मार्केटला गेलो. तिथल्या एका दुकानदाराने माझ्या प्रश्नाला हसून उत्तर दिले, "बाई, पाण्यातल्या सगळ्याच झाडांना माती लागते असं कुणी सांगितलं?" आणि त्याने एकेक ओली पुडी पुढे केली.

पहिले, जावा फर्न. आपल्याकडे पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या गडग्यांवर नेचे उगवतात ना, त्यांच्याच गोतातले. लांबट, चिवट पाने. पानांच्या मागे तपकिरी ठिपके दिसले तर रोग समजू नये, ते बीजाणूंचे पुंजके. ह्याच्या जुन्या पानाच्या टोकाला बाळरोपे फुटतात, मुळ्यांसकट. दुसरे, अनुबियस. पश्चिम आफ्रिकेतले, सावलीत सुखी राहणारे. म्हणून त्याला ॲन्युबिस ह्या इजिप्तच्या मृतांच्या देवाचे नाव मिळाले. पाने इतकी राठ की झाडे कुरतडणारे मासेही त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. तिसरे, जावा मॉस. म्हणजे एक हिरवे जंजाळ. पिल्लांना लपायला ह्याहून सुरक्षित जागा नाही. चौथे, हॉर्नवर्ट. ह्याला मूळच नसते. पाण्यात सोडून द्यावे, ते तरंगते आणि वाढतच राहते. आपल्याकडच्या तळ्यांतूनही ते सापडते.

जावा फर्न आणि अनुबियस ह्यांची गंमत अशी की, त्यांना आल्यासारखा आडवा कंद असतो. तो मातीत पुरला की कुजतो. त्याला दगडाला किंवा लाकडाला बांधायचे. तेही सुती दोऱ्याने, नायलॉनच्या नव्हे. काही आठवड्यांत दोरा पाण्यात कुजून जातो, तोवर मुळांनी दगड धरलेला असतो.

घरी आल्यावर प्रश्न पडला, दगड कोणता? रस्त्यावरचा कुठलाही चालत नाही. चुनखडीचा असला तर पाणी जड करतो. पारख सोपी: दगडावर लिंबू पिळावे, फसफसले तर तो नको. मी गच्चीवरून आणलेले दोन्ही दगड फसफसले. सासूबाई उठल्या. त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली, माझ्यासमोर प्रथमच उघडली, आणि लुगड्यांच्या तळातून एक काळाभोर, गुळगुळीत, मुठीएवढा गोटा काढला. खारातल्या आंब्यांवर दडपण ठेवायचा गोटा. सासूच्या हातून त्यांच्या हाती आलेला. पार्ल्याला खारातले आंबे घालायला बरणीही नव्हती आणि जागाही. तरी गोटा मात्र बरोबर आला होता.

"अहो आई, हा कशाला? दुसरा मिळेल," मी म्हटले.

"पिळ लिंबू."

जो गोटा इतकी वर्षे खारात राहिला, तो लिंबाला काय भिणार! एक बुडबुडा आला नाही. तो उकळून, दोन दिवस पाण्यात ठेवून मीठ पार घालवले. मग सासूबाईंनी त्यावर अनुबियस बांधले. मी नुसती पाहत होते. दोरा इतका सैल नाही की रोप सुटावे, इतका घट्ट नाही की कंद कापावा. अबोलीचा गजरा बांधणारी बोटे ती! मॉसचा पातळ थर त्यांनी करवंटीवर पसरला आणि तसाच गुंडाळला. जावा फर्नला एक सागवेलीचे वाळके मूळ मिळाले, दुकानदाराने दिलेले.

ह्यांनी हा समारंभ पाहिला आणि त्यांना राहवेना. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने नेमका हाच प्रयोग केला होता, असे त्यांनी वाचून दाखवले. बारा गॅलनच्या काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाचे पाणगवत. पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले आणि पाणी निवळले. १८५० साली त्याने लंडनच्या केमिकल सोसायटीला हे सांगितले. त्याच्याही आधी, १७७९ साली, इंगेनहाउस ह्या डच वैद्याने दाखवले होते की, पाणवनस्पतींची पाने उजेडात बुडबुडे सोडतात, अंधारात नाही. शाळेत उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून आपण सर्वांनी तेच बुडबुडे मोजले आहेत. "बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर," हे विजयाने म्हणाले, "बरोबर आपल्या टाकीएवढे!"

"आमच्या विहिरीत कासव होतं," सासूबाई म्हणाल्या. "ते काही कुठल्या सोसायटीला सांगितलं नाही आम्ही." आणि खरोखरच झाडांच्या पुडीतून एक चिमुकली गोगलगाय आली होती, फुकट. ती ठेवून घेतली.

शेवटचे झाड क्रिप्टोकोरीन, श्रीलंकेचे. ह्याला मात्र मुळे रोवायला काहीतरी लागते. मोकळा तळ तर मोडायचा नाही. ह्या वेळी उपाय माझा होता: संक्रांतीचे सुगड. रंग न दिलेले, साधे भाजक्या मातीचे, कधी तेलातुपाचा स्पर्श न झालेले एक सुगड मी माळ्यावरून काढले, भिजत घातले, धुतलेली जाड वाळू भरली आणि त्यात झाड लावले. बिनरंगी पणत्याही अशा कामाला येतात, पण त्यांत मुळांना खोली कमी मिळते. सुगडाचा फायदा असा की साफसफाईच्या दिवशी अख्खी बाग दोन हातांनी बाजूला उचलून ठेवता येते. खाली सारवून घ्यावे, बाग परत जागेवर. शेतकऱ्याला हे भाग्य नाही.

आठव्या दिवशी त्या क्रिप्टोकोरीनची पाने पारदर्शक होऊ लागली. दहाव्या दिवशी ती विरघळली. अक्षरशः विरघळली, साखरेसारखी. सुगडात नुसते चार देठ उरले. हे म्हणाले, मेले. फेकून द्या, पाणी नासेल. मीही नळी घेऊन बसले होते. सासूबाईंनी माझा हात धरला.

"कुजकी पानं काढ. झाड काढू नको. जागा बदलली की पानं जातात. मूळ राह्यलं असेल तर धीर धरावा."

त्यांनी हे झाडाविषयीच सांगितले. चेहऱ्यावर दुसरे काही नव्हते. पण मी त्यांच्याकडे पाहिले, आणि मग बराच वेळ त्या सुगडाकडेच पाहत राहिले. दीड वर्षात मी त्यांची गेलेली पानेच तेवढी मोजीत होते.

पुढे मी वाचले की, हे त्या झाडाचे ठरलेलेच. रोपवाटिकेत ती पुष्कळदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. नव्या पाण्यात ती जुनी पाने टिकत नाहीत. झाड ती टाकते आणि नव्या पाण्याला मानवतील अशी दुसरी काढते. आमच्या सुगडात तिसऱ्या आठवड्यात तांबूस रंगाचे एक पान वर आले, करंगळीच्या नखाएवढे. सासूबाईंनी ते सर्वांत आधी पाहिले आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांना बोलावून दाखवले.

आता ह्या बागेची निगा. ती फार नाही, म्हणून तर ही झाडे. दिवसातून सहा-सात तास साधा दिवा पुरे. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, नाहीतर झाडांऐवजी काचेवर शेवाळच वाढते. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी एक रात्र उघडे ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो, पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर तो नुसत्या ठेवण्याने जात नाही. म्हणून दुकानात मिळणारे क्लोरीन मारण्याचे थेंब घालावेत हे बरे. हॉर्नवर्ट फार माजले तर छाटावे, नाहीतर खालच्यांवर अंधार. झाडांची बाकीची मुळे पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट आपणच खातात. एरवी बाटलीत ठेवतो त्या मनीप्लँटची फांदीही टाकीच्या काठावर अडकवावी, पाने बाहेर, मुळे आत. काढलेले पाणी खतासारखे. ते कढीलिंबाला जाते. तुळशीला नाही, तिथे सासूबाईंचे शास्त्र वेगळे आहे. पिल्ले जास्त झाली तर ओळखीपाळखीत द्यावीत, पण तलावात किंवा नदीत सोडू नयेत. ती परकी जात आपल्या देशी माशांच्या तोंडचा घास काढते.

पिल्लांचे सांगायचे राहिलेच. दुसऱ्या खेपेला पुन्हा सासूबाईंनी वेळ बरोबर सांगितली. संध्याकाळी करवंटीवरच्या मॉसमध्ये चिरंजीवांना दोन डोळे दिसले. मग चार, मग दहा. हॉर्नवर्टच्या झुबक्यात आणखी. मोठे मासे बाहेर घिरट्या घालीत होते आणि आत शिरायला त्यांना वाट नव्हती. आजी-नातवाने तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा हिशेब वेगळा आला. शेवटी तेवीस ह्या आकड्यावर तडजोड झाली.

कधी कधी रात्रीचे आवरून झाल्यावर मी त्या टाकीपुढे बसते. त्रिनिदादचा मासा, जाव्हाचे नेचे, आफ्रिकेचे अनुबियस, लंकेचे क्रिप्टोकोरीन, क्रॉफर्ड मार्केटची गोगलगाय आणि गुहागरचा गोटा. ह्यांपैकी इथले मूळचे कुणीच नाही. मुंबईच ती! पायाखाली माती नाही. जो तो जे हाताला लागले ते धरून राहिला आहे. गोट्यावरचा दोरा केव्हाच कुजून गेला. अनुबियसची पांढरी मुळे दगडाला अशी बिलगली आहेत की, आता ओढले तर रोपाबरोबर गोटाही उचलला जाईल.

गेल्या महिन्यात सासूबाई गावच्या घराची साफसफाई करवून घ्यायला निघाल्या. दिवाळीआधी एकदा कौले शाकारून, दारे उघडून यायला हवे होते. ह्यांनी नेहमीप्रमाणे जाण्याचे एकच तिकीट काढायचे ठरवले, कारण परतीची तारीख त्या कधीच सांगत नसत, "बघू" म्हणत. ह्या वेळी त्यांनी ट्रंक नेली नाही, एक पिशवी भरली. मला अन्नाच्या चिमटीचे माप तीनदा दाखवले, "दुसरी पोटुशी आहे, लक्ष ठेव" असे बजावले, आणि चपला घालता घालता मुलाला म्हणाल्या,

"परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेव रे. पुढच्या रविवारी पाणी बदलायचं आहे."